इटालियनमधला 'कात्तीवो' म्हणजे नेमका कसला वाईट, आणि त्यात कैदी कुठून आला?

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर येऊन वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. पुण्यात बेसिक इटालियन करून आता मास्टर्सला तोरीनोत गेलेल्या मुलीने विचारलंय की ॲपमध्ये कात्तीवो म्हणजे 'वाईट' एवढंच दिलंय, पण ती रूममेटला 'सोनो कात्तीवा इन कुचीना' म्हणाली, म्हणजे मला स्वयंपाक धड येत नाही असं तिला सांगायचं होतं, तर रूममेट हसायलाच लागली. आणि प्राणिसंग्रहालयात पाटीवर 'नाती इन कात्तिविता' असं लिहिलेलं, म्हणजे हे प्राणी वाईटपणात जन्मले का? या दोन्हीचा काय संबंध, आणि हा शब्द मुळात आला कुठून?

मी इटालियन शिकवते आणि भाषांतरंही करते, त्यामुळे हा शब्द माझ्या वर्गात दर बॅचला येतोच. आणि दर वेळी असं दिसतं की खरी अडचण कात्तीवोची नाहीये, आपल्या 'वाईट'ची आहे. आपण वाईट माणूस म्हणतो, वाईट बातमी म्हणतो, वाईट सवय, वाईट वास, मला वाईट वाटलं, दिसायला वाईट, सगळं एकाच शब्दात भागतं. इटालियनमध्ये हेच काम कात्तीवो, ब्रुत्तो, माले आणि 'ब्रावो नाही' असं म्हणणं, या चौघांत वाटून दिलंय. त्यामुळे 'कात्तीवो म्हणजे काय' असं विचारण्यापेक्षा आपल्या वाईटपैकी कुठला तुकडा कात्तीवोच्या वाट्याला आलाय असं विचारलं तर गाडी लवकर पुढे जाते.

तर तुमच्या रूममेटने काय ऐकलं ते सांगते. माणसाबद्दल बोलताना, 'असणे' या क्रियापदानंतर कात्तीवो आला की त्याचा अर्थ दुष्ट, खाष्ट, दुसऱ्याचं वाईट चिंतणारा. लहान मुलांच्या गोष्टीतला लांडगा 'लूपो कात्तीवो' असतो, सिनेमातला व्हिलन 'इल कात्तीवो' असतो. म्हणजे तुम्ही तिला सांगितलंत की मी स्वयंपाकघरात गेले की दुष्ट होते. तुम्हाला म्हणायचं होतं ते 'नोन सोनो ब्रावा आ कुचिनारे', नाहीतर सरळ 'कुचीनो माले'. एखादी गोष्ट जमणं न जमणं हा ब्रावोचा प्रांत आहे, कात्तीवोचा नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र हे दोघे समोरासमोर उभे असतात, आई मुलाला 'फाई इल ब्रावो' म्हणते म्हणजे शहाण्यासारखा वाग, आणि मस्ती केली तर 'सेई कात्तीवो', तिथे अर्थ दुष्ट वगैरे नसून आपल्या 'वात्रट आहेस हं' इतका सौम्य असतो. बोलणाऱ्याचा आवाज आणि समोरच्याचं वय यावर बरंच अवलंबून आहे, हे पाठ करून येत नाही, ऐकून येतं.

पण थांबा, 'उन कात्तीवो मेदिको' असंही ऐकाल आणि तिथे अर्थ दुष्ट डॉक्टर असा नाहीये! इथे जागा महत्त्वाची. विशेषण नामाच्या आधी आलं की ते त्या कामाबद्दल बोलतं, उन कात्तीवो मेदिको म्हणजे ज्याला डॉक्टरकी नीट येत नाही असा डॉक्टर, माणूस म्हणून तो देवमाणूस असू शकतो. तेच 'उन मेदिको कात्तीवो' म्हटलं की तो निर्दयी, उपचार कदाचित उत्तम करत असेल. तसंच 'दी कात्तीवो गुस्तो' म्हणजे अभिरुचीहीन, एखादा विनोद किंवा पडद्यांचा रंग, आणि 'गुस्तो कात्तीवो' म्हणजे जिभेला लागणारी खराब चव. हा नियम दगडावरची रेघ नाही, कात्तीवो ओदोरे म्हणजे घाण वास हा नामाच्या आधी येऊनही नाकाबद्दलच बोलतो, पण माणसांच्या बाबतीत नियम चांगला टिकतो आणि मी विद्यार्थ्यांना तिथपासूनच सुरुवात करायला लावते.

आता मराठी माणसाला सगळ्यात जास्त नडणारी जागा. 'मला वाईट वाटलं' याचं आपण डोक्यात इंग्लिश करतो आणि मग 'मी सेंतो कात्तीवा' असं काहीतरी बाहेर पडतं, ते कुणी म्हणत नाही. 'मी सेंतो माले' म्हणाल तर समोरचा खुर्ची आणून देईल, कारण त्याचा अर्थ मला बरं वाटत नाहीये, चक्कर येतेय. तुमच्याबद्दल ऐकून वाईट वाटलं याला 'मी दिस्प्याचे', आणि तो असं बोलला ते मला लागलं, मी खट्टू झाले, याला 'ची सोनो रिमास्ता माले', हे वाक्य आत्ताच तोंडात बसवून टाका, रूममेट्समध्ये राहताना फार उपयोगी पडतं. तसंच दूध नासलं तर ते कात्तीवो नसतं, 'ए आंदातो आ माले' असतं. लात्ते कात्तीवो म्हणालात तर चव आवडली नाही इतकंच पोचेल आणि दूध फ्रिजमध्ये तसंच राहील.

ब्रुत्तोबद्दल थोडक्यात. जे दिसायला वाईट किंवा तुमच्यावर येऊन आदळतं ते ब्रुत्तो, म्हणजे वाईट स्वप्न, वाईट अपघात, पावसाळी हवा. हवामानाला कात्तीवो तेंपोही चालतं, पण बोलताना ब्रुत्तो तेंपो जास्त ऐकाल, बातमीलाही दोन्ही चालतात. सेर्जिओ लेओनेचा 1966 चा वेस्टर्न आठवा, 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' म्हणून आपल्याकडे माहीत असलेला. इटालियन नावात क्रम वेगळा आहे, इल बुओनो, इल ब्रुत्तो, इल कात्तीवो. आधी कुरूप, शेवटी दुष्ट. तिथे ब्रुत्तो म्हणजे एली वॉलॅकचा तूको, लबाड, ओंगळ पण जीव लावणारा, आणि कात्तीवो म्हणजे ली व्हॅन क्लीफचा थंड डोक्याने माणसं मारणारा. दोन शब्दांमधला फरक या दोन पात्रांकडे बघून जितका कळतो तितका कुठल्याच व्याकरणातून कळत नाही असं माझं मत आहे.

आता मूळ, जे मला स्वतःला जास्त प्रिय आहे, त्यामुळे इथे जरा लांबेल.

कात्तीवो हा लॅटिन 'काप्तिवुस'वरून आला. काप्तिवुस म्हणजे पकडलेला, युद्धकैदी. त्याच्या मागे 'कापेरे' हे क्रियापद, पकडणे, घेणे. उच्चार कसा बदलला ते मराठी माणसाला समजावून सांगायची खरं तर गरज नाही, कारण आपल्या भाषेतही हेच झालंय. लॅटिन 'प्त'चा इटालियनमध्ये 'त्त' होतो, सेप्तेमचं सेत्ते, म्हणजे सात. संस्कृत सप्तचं प्राकृतात सत्त झालं आणि मग मराठीत सात. लॅटिन 'क्त'चंही तेच, लाक्तेमचं लात्ते म्हणजे दूध, आणि आपल्याकडे भक्त, म्हणजे शिजवलेलं अन्न, त्याचं भत्त आणि मग भात. दोन्ही भाषा मुळात एकाच मोठ्या भाषाकुटुंबातल्या, पण एकमेकींपासून इतक्या लांब गेलेल्या, आणि तरी एकीने दुसरीचं न बघता, जिभेने दोन्हीकडे तीच सोपी वाट काढली. म्हणून सांगते, कात्तीवो म्हणताना तो त्त नीट दाबून म्हणा, पत्ता, सत्ता म्हणतो तसा, आपल्याला तो आयता येतो, इंग्लिश बोलणाऱ्यांना त्यासाठी झगडावं लागतं.

उच्चार झाला, पण अर्थ कसा पलटला? कैदी होणं ही दुर्दैवाची गोष्ट, त्यात दुष्टपणा कुठून आला?

यात दोन टप्पे आहेत आणि बहुतेक ठिकाणी फक्त दुसराच सांगतात. पहिला टप्पा म्हणजे कैदी ते दीनवाणा. रोमन कायद्यात युद्धात पकडला गेलेला माणूस गुलाम होत असे, आणि खुद्द रोमन नागरिकही शत्रूच्या हाती सापडला तर त्याचे नागरिक म्हणून असलेले हक्क थांबत, परत आला तरच मिळत. म्हणजे काप्तिवुस म्हणजे शूर लढवय्या पण सापडला असं चित्र नव्हतं, सगळं गमावलेला, ज्याला कुणी विचारत नाही असा माणूस. म्हणून शब्दाचा अर्थ हळूहळू अभागी, केविलवाणा असा सरकला. याचा पुरावा शेजारी आहे. याच काप्तिवुसचं फ्रेंचमध्ये शेतीफ झालं आणि त्याचा अर्थ आज खंगलेला, किडकिडीत, अशक्त. फ्रेंच तिथेच थांबली, दुष्टपणापर्यंत गेलीच नाही. स्पॅनिशमध्ये काउतीवो झालं आणि ते तर अजूनही सरळ कैदीच आहे. इंग्लिशमध्ये नॉर्मन लोकांबरोबर केटिफ असा एक शब्द गेला, आता जुनाट झालाय, तो आधी अभागी आणि मग भेकड, हलकट माणूस.

दुसरा टप्पा चर्चचा. ख्रिस्ती लॅटिनमध्ये 'काप्तिवुस दिआबोली' ही कल्पना रुजली, सैतानाचा कैदी. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी सैतानाच्या पाशात सापडलेल्या, त्याच्या मर्जीप्रमाणे वागायला लागलेल्या लोकांबद्दल आहे, आणि लॅटिन बायबलमध्ये तिथे काप्तिवी हाच शब्द वापरलाय. म्हणजे पापी माणूस स्वतःच्या मालकीचा नाही, त्याला पकडून ठेवलंय. असं पुन्हापुन्हा ऐकलेल्या समाजात नुसतं काप्तिवुस म्हटलं तरी मागचा सैतान न सांगता कळायला लागला आणि मग शब्द माणसाच्या स्वभावालाच चिकटला.

शब्दकोशांत सैतानाचा हा भाग ठळक असतो आणि तो बरोबरच आहे, पण माझ्या मते एकटा तो पुरत नाही. चर्च फ्रान्समध्येही तेच होतं, लॅटिन बायबलही तेच, तरी फ्रेंच अशक्तपणावरच थांबली. म्हणून मी वर्गात दोन्ही टप्पे सांगते, आधी दीनवाणा झाला, त्यामुळे जमीन तयार होती, त्यावर चर्चने बी टाकलं. दीनवाणा माणूस आणि वाईट माणूस यांची गल्लत करायची सवय तर सगळ्या भाषांना आहे, आपला नीच म्हणजे मुळात फक्त खालचा, आता त्याची शिवी झालीय. इटालियनमध्येच त्रिस्ते म्हणजे दुःखी पण त्याचाच भाऊ त्रिस्तो म्हणजे खोडसाळ, दुष्ट.

हा सगळा प्रवास एकाच पुस्तकात पाहायचा असेल तर इटालियन कवी दान्तेच्या 'दिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यातला नरकाचा भाग उघडा. दान्ते 1321 साली वारला, म्हणजे हा शब्द मधल्या वाटेवर असतानाचा काळ. तिसाव्या सर्गात ट्रॉय पडल्यावरची राणी हेकुबा येते, 'एकुबा त्रिस्ता, मीझेरा ए कात्तीवा', दुःखी, अभागी आणि कैदेत पडलेली. आजचा विद्यार्थी ही ओळ 'दुष्ट हेकुबा' अशी वाचतो आणि बिचारीवर अन्याय करतो, ती ग्रीकांची बंदिवान आहे, मुलं मेलेली आई आहे. आणि तिसऱ्या सर्गात, नरकाच्या दारातून आत गेल्यागेल्या, 'सेत्ता देई कात्तीवी' म्हणजे कात्तीवी लोकांचा पंथ भेटतो. हे कोण, तर आयुष्यात ज्यांनी ना चांगलं केलं ना वाईट, कुठलीच बाजू घेतली नाही, म्हणून देवालाही नकोत आणि देवाच्या शत्रूंनाही नकोत. ते एका झेंड्यामागे पळत राहतात आणि गांधीलमाश्या त्यांना चावत राहतात. इथे कात्तीवी म्हणजे दुष्ट नव्हे बरं का, दुष्ट तर पुढे खाली भेटणार आहेत. इथे अर्थ आहे कुचकामी, भ्याड, दखल घ्यायच्या लायकीचे नसलेले. एकाच कवितेत एकीकडे कैदी आणि दुसरीकडे कुचकामी, मला हे दोन सर्ग एकत्र शिकवायला फार आवडतं.

आणि आता तुमच्या पाटीकडे. विशेषण बदललं पण त्याच्यावरून बनलेलं जुनं नाम बदललं नाही. कात्तिविता म्हणजे अजूनही कैद, बंदिवास, म्हणून प्राणी 'नाती इन कात्तिविता', पिंजऱ्यात, म्हणजे माणसाच्या ताब्यात जन्मलेले. ज्यूंच्या बॅबिलोनमधल्या बंदिवासालाही हाच शब्द, आणि 1309 ते 1377 पोप रोमऐवजी फ्रान्सच्या दबावाखाली आव्हिन्योंला होते त्या काळालाही इतिहासात कात्तिविता आव्हिन्योनेझे म्हणतात. दुष्टपणाला वेगळं नाम तयार झालं, कात्तिवेरिया. आपल्याकडे शिक्षेचं झालं ना तसंच हे, संस्कृतात आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं शिकवणं, मराठीत तिचा दंड झाला, पण शिक्षण आणि शिक्षक जुन्याच अर्थाला धरून राहिले, त्यामुळे आपल्याला शिक्षक आणि शिक्षा एका घरातले वाटतच नाहीत. कुणालाही कैदी म्हणायचं असेल तर आज इटालियनमध्ये प्रिजोनिएरो म्हणतात, कात्तीवो नाही.

त्याच घरातले अजून दोघे सांगते कारण ते तुम्हाला रोज भेटतील. 'आक्कात्तिवांते' म्हणजे मन ओढून घेणारा, गोड, जाहिरातीत हसण्याला, पॅकिंगला, नावाला लावतात. दिसायला त्यात कात्तीवो पूर्ण बसलेला आहे, पण अर्थ उलटा, कारण तिथे कैद करणं म्हणजे मन जिंकणं. आणि 'कापीरे', समजणे, हे थेट कापेरेपासून. माफियांच्या सिनेमांमुळे 'कापीतो?' तर इटालियन न शिकलेल्यांनाही माहीत असतं. पकडलं म्हणजे समजलं. आपणही म्हणतोच की मुद्दा पकडला.

कैदीचा जुना अर्थ जिवंत बघायचा असेल तर मात्र दक्षिणेत जायला हवं. सिसिलीच्या बोलीत कात्तीवा म्हणजे विधवा. दुःखाची बंदिवान. पालेर्मोत समुद्राच्या बाजूला, कालसा भागात, पालात्सो बुतेराच्या खालून एक उंच भिंतीवरची फिरायची वाट जाते, तिचं नाव मूरा देल्ले कात्तीवे. नवरा गेलेल्या बायकांना खाली समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर, जिथे सगळं गाव नटूनथटून संध्याकाळी फिरायचं, तिथे मिसळणं शोभणारं नव्हतं, तर त्या वर या भिंतीवरून फिरत, लोकांच्या नजरेच्या बाहेर राहून समुद्र बघत. आज कुणी फोनवर त्या नावाचं भाषांतर केलं तर 'वाईट बायकांची भिंत' असं येतं आणि लोक भलतीच कल्पना करून घेतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्याकडेही विधवांना घरात कोंडून घालण्याचा इतिहास काही फार जुना नाही आणि मराठी वाचकाला ती भिंत पाटी न वाचताही समजली असती. तोरीनोहून सुट्टीत पालेर्मोला गेलात तर नक्की वर जाऊन या.

आता रोजच्या वापरातले थोडे तुकडे. नाविगारे इन कात्तीवे आक्वे, म्हणजे पैशाच्या अडचणीत असणं. कात्तीवो पागातोरे म्हणजे वेळेवर हप्ते न भरणारा, बँकेच्या कागदांत हा शब्द येतो, तिथे दुष्टपणाचा संबंध नाही. फिजिक्समध्ये कात्तीवो कोंदुत्तोरे म्हणजे उष्णतेचा किंवा विजेचा मंद वाहक. कोन ले बुओने ओ कोन ले कात्तीवे म्हणजे गोडीगुलाबीने नाहीतर जबरदस्तीने, पण करून घेणारच. वर्तमानपत्रात कात्तीवी माएस्त्री दिसलं तर ते वाईट शिकवणारे मास्तर नव्हेत, तरुणांना भलत्या वाटेला लावणारे विचारवंत, 1970 च्या दशकातल्या राजकीय हिंसेच्या संदर्भात हा शब्दप्रयोग खूप वापरला गेला. आणि एक म्हण, 'आ कात्तीवो लावोरातोरे ओन्यी त्साप्पा दा दोलोरे', वाईट कामगाराला प्रत्येक कुदळ टोचते, म्हणजे आपलं नाचता येईना अंगण वाकडं.

फुटबॉलची आवड असेल तर एक धक्का बसेल. तिथे कोच मॅच हरल्यावर म्हणतो की आमच्यात कात्तिवेरिया कमी पडली. दुष्टपणा कमी पडला? तर नाही, कात्तिवेरिया आगोनीस्तिका म्हणजे जिंकायचीच अशी भूक, गोलसमोर आल्यावर दयामाया न दाखवणं. तिथे ती पूर्णपणे स्तुती आहे.

'अजून वाईट' म्हणतानाही दोन वाटा आहेत. दर्जाबद्दल बोलत असाल तर पेज्जोरे आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेस्सिमो, उदाहरणार्थ हॉटेल, सर्व्हिस, सिनेमा. स्वभावाबद्दल किंवा चवीबद्दल असेल तर प्यू कात्तीवो, कात्तीविस्सिमो. मिनियन्सचा तो पहिला सिनेमा, 2010 चा, इटलीत 'कात्तीविस्सिमो मे' नावानेच लागला होता, पेस्सिमो मे म्हटलं असतं तर मी अगदी टाकाऊ आहे असं झालं असतं. यात प्रदेशाप्रमाणे आणि बोलणाऱ्याप्रमाणे फरक पडतो, आणि बरेच इटालियन लोक बोलताना ही सीमा सैल धरतात, तेव्हा कुणी वेगळं बोललं तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका.

सध्यापुरतं सांगायचं तर बोलताना एकच प्रश्न स्वतःला विचारा, यात कुणाचा हेतू वाईट आहे का, किंवा नाकाला जिभेला नकोसं झालंय का? हो असेल तर कात्तीवो बिनधास्त वापरा. नाही असेल तर आधी ब्रुत्तो, माले किंवा नोन ब्रावो बसतंय का बघा, आणि वर दिलेले ठरलेले शब्दप्रयोग जसेच्या तसे पाठ करा, त्यांना हा प्रश्न लागू होत नाही. पुढे पेरुजा विद्यापीठाची चेली ही इटालियन भाषेची परीक्षा वगैरे द्यायची असेल तर लेखनात कात्तीवो शक्यतो नामाच्या आधीच्या जागेत, कामाबद्दल किंवा दर्जाबद्दल बोलतानाच ठेवा, माणसाच्या स्वभावाबद्दल लिहायचं असेल तर एगोइस्ता म्हणजे स्वार्थी, क्रुदेले म्हणजे क्रूर, असे नेमके शब्द घ्या. आणि ॲपवर अवलंबून राहू नका, त्रेक्कानीचा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, इटालियनमध्येच आहे पण तुमच्या लेव्हलला हळूहळू झेपेल. ब्रावोची गोष्टही याच्याइतकीच लांब आहे, पूर्वी ब्रावो म्हणजे भाड्याचा गुंड असायचा, पण त्यासाठी वेगळा प्रश्न टाका, तिथे लिहीन.